अंगाला चिखल फासून जाणारा पाहुणा: अकुसेकिजिमा

पडाव:

फुकुओकात राहून सात वर्षं झाली. जपानचे मोठे सण, फुलं, आतषबाजी सगळं यथासांग पाहून झालं. ऑफिसात एक सहकारी कागोशिमाचा आहे. मला मुखवट्यांचं वेड असल्याचं त्याला ठाऊक होतं. कोविडच्या आधीची गोष्ट. तो म्हणाला, "ओबोनच्या शेवटी अकुसेकिला जा. फक्त परत कधी येणार ते कुणाला सांगू नकोस." त्या शेवटच्या वाक्याचा अर्थ मला तिथे गेल्यावर कळला.

आधी भूगोल उरकतो. क्यूशूचं दक्षिण टोक आणि अमामी बेटं यांच्या मध्ये तोकारा नावाची बेटांची माळ आहे. लहानमोठी बारा बेटं, पैकी सातांवर वस्ती. प्रशासनाच्या दृष्टीने ही सगळी मिळून एकच गाव, नाव तोशिमा. या गावाची लांबी उत्तर-दक्षिण सुमारे १६० किलोमीटर, म्हणजे मुंबईत सुरू होऊन पुण्यापर्यंत पोचलेलं गाव, आणि मध्ये सगळा समुद्र. लोकसंख्या हजाराच्याही आत. गंमत म्हणजे गावाचं कार्यालय गावात नाहीच, ते कागोशिमा शहरात आहे. सगळ्या बेटांवरून बोट तिथेच जाते, तेव्हा सगळ्यांना सारखंच सोयीचं किंवा सारखंच गैरसोयीचं.

विमानतळ नाही. 'फेरी तोशिमा' आठवड्यातून दोनदा रात्री अकराला कागोशिमा सोडते. पहिले दोन-तीन तास बरे जातात. मग कुरोशिओ हा गरम पाण्याचा प्रवाह आडवा येतो. या पट्ट्याला जुने लोक 'सात बेटांचा समुद्र' म्हणतात, आणि तो उच्चार करताना त्यांचा चेहरा बघावा. मी वेंगुर्ल्याचा आहे, बोट लागत नाही अशी माझी समजूत होती. ती पहाटे चारला सुटली.

उजाडलं तेव्हा एकेक बेट येऊ लागलं. कुचिनोशिमा, नाकानोशिमा, मग धूर सोडत बसलेलं सुवानोसेजिमा, ताइराजिमा, आणि त्यानंतर अकुसेकिजिमा. नावाचा शब्दशः अर्थ 'वाईट दगडाचं बेट'. समुद्रातून सरळ उठलेले काळे कडे, वर बांबूचं दाट रान, आणि माथा ढगात. क्षेत्रफळ साडेसात चौरस किलोमीटर, सर्वांत उंच डोंगर ५८४ मीटर, वस्ती शंभराच्या आत. धक्क्यावर हेल्मेट घातलेली माणसं दोरखंड झेलायला उभी होती. बंदराचे कामगार असावेत असं वाटलं. संध्याकाळी तीच माणसं बोनच्या नाचात दिसली.

आता मूळ गोष्ट. ओबोन म्हणजे पितर घरी येण्याचे दिवस. बाकी जपानात बहुतेक ठिकाणी तो ऑगस्टच्या मध्यावर ठरलेल्या तारखांना उरकतात. अकुसेकीवर मात्र जुन्या चांद्र पंचांगाने पाळतात. सातव्या महिन्याच्या सोळाव्या दिवशी, पितर परत गेले की संध्याकाळी बोझे नावाचा मुखवट्यातला देव येतो.

एक नाही, तीन येतात. गावाच्या दफनभूमीजवळ 'तेरा' नावाची जागा आहे, तिथे पुरुषमंडळी मुखवटे तयार करतात. बांबूचा सांगाडा, वर कागद, त्यावर लाल मातीचे आणि काळे उभे पट्टे. कान म्हणा की शिंगं, दोन्ही बाजूंना सुपाएवढी. डोळे बाहेर आलेले, तोंड फाटलेलं. अंगभर बिरो नावाच्या माडाची पानं, त्यामुळे चालताना सळसळ आधी ऐकू येते आणि रूप नंतर दिसतं. हातात लांब काठी, तिच्या टोकाला लाल चिखल.

अंगणात म्हातारी मंडळी शांतपणे फेर धरून नाचत होती. मग ढोल वाजला आणि पोरांनी किंचाळून आयांच्या मागे धाव घेतली. तिघेही गर्दीत घुसले. ज्याला गाठतील त्याच्या अंगाला काठीचा चिखल. मी कॅमेरा वर धरून उभा होतो, म्हणजे आयताच सापडलो. छातीवर वीतभर लाल पट्टा. शेजारच्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या. चिखल लागला की वर्षभराची इडापिडा टळते. बाईला लागला तर मूल होतं, असाही समज. थोड्या वेळाने ढोलाचा ठेका बदलला, तिघे डोलल्यासारखे नाचले, आणि आले तसे अंधारात निघून गेले. सगळं मिळून फार वेळ चालत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिन्शुकूच्या (घरगुती खानावळ-कम-मुक्काम) आजींना विचारलं, मुखवटा जवळून बघता येईल का? त्या म्हणाल्या, "कुठला मुखवटा? तो गेला." खरंच गेला होता. काम झालं की लगेच मुखवटे मोडून टाकतात. पुढच्या वर्षी पुन्हा नव्याने बांबू तोडायचे.

परतीची बोट लाटांमुळे दोन दिवस आलीच नाही.

अस्मि_ठाणे:

किती सुरेख! सळसळ आधी आणि रूप नंतर, हे वाचून अंगावर काटा आला. दोन दिवस अडकल्यावर केलं काय? आणि खायला काय मिळतं?

खारवी:

अहो, हा तर आमचा संकासुर! गुहागरकडे शिमग्यात काळे कपडे, उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. लहानपणी घुंगरं ऐकली की मी थेट माळ्यावर. कोकणातून तिकडे गेला की तिकडून इकडे आला, संशोधन व्हायला हवं.

पडाव:

खारवीदादा, मीही तिथे उभं राहून हाच विचार केला. पण नातं जोडू नका. पोरांना घाबरवणारा मुखवटा माणसाला जगभर सुचलेला आहे. खरंखुरं नातं हवंच असेल तर ते ओबोनमध्ये आहे. मौद्गल्यायनाला आपली मेलेली आई प्रेतलोकात उपाशी दिसते. त्याने दिलेला घास तिच्या तोंडाशी जाताच निखारा होतो. बुद्ध सांगतात, सातव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी भिक्षूंना अन्नदान कर. ओबोनला आधार या बौद्ध कथेचा. पण बोझेचा त्या कथेशी काही संबंध नाही, तो बेटाचा स्वतःचा. दोघे एकाच रात्री येऊन भेटतात एवढंच.

अस्मि, मासे भरपूर. मिन्शुकूत तिन्ही वेळचं जेवण मिळतं, बाहेर हॉटेल नाही. आधी मुक्काम पक्का करायचा आणि मगच बोटीचं बघायचं, उलट केलंत तर फसाल. मे महिन्यात गेलात तर रानातल्या बांबूचे कोवळे कोंब. मी ते खारवलेले खाल्ले, वास्त्यांची भाजी आठवली. अडकलेले दोन दिवस गरम पाण्याच्या झऱ्यांत काढले. एक झरा समुद्रकाठी खडकांत आहे, भरतीला बुडतो. एके ठिकाणी जमीनच तापलेली आहे, तिथे नुसतं आडवं व्हायचं. पाठ शेकून निघते.

नागदौना:

धाग्याचा विषय रूढी असला तरी निसर्गाचं शेपूट जोडतो, कारण हे बेट प्राणिशास्त्रात फार मोक्याच्या जागी आहे.

अकुसेकिजिमा आणि त्याच्या दक्षिणेचं कोदाकाराजिमा यांच्यामधून एक न दिसणारी रेषा जाते. तिला वातासे रेषा म्हणतात, शोझाबुरो वातासे या प्राणिशास्त्रज्ञाच्या नावावरून. इथे समुद्राचा तळ एकदम खोल जातो. समुद्राची पातळी खाली गेली होती त्या काळातही ही दरी बुजली नाही, त्यामुळे साप, बेडूक, सस्तन प्राणी यांना ती ओलांडता आली नाही. उत्तरेला युरोप-सैबेरियाच्या कुळातले प्राणी, दक्षिणेला आपल्या, म्हणजे भारत-आग्नेय आशियाच्या कुळातले. थोडक्यात, प्राण्यांच्या नकाशात कोदाकारा आपल्या हद्दीत आणि अकुसेकि परक्या मुलखात. हाबू हा घोणसासारखाच विषारी, फुरशाच्या दूरच्या भाऊबंदांतला साप. त्याची तोकारा हाबू ही जात फक्त कोदाकारा आणि ताकाराजिमा या दोनच बेटांवर सापडते. अकुसेकीवर हाबू नाही. पडावसाहेब बांबूच्या रानात बिनधास्त फिरले असतील तर त्याचं श्रेय त्या दरीला.

आता या वातासे महाशयांचा दुसरा पराक्रम ऐका. हाबूचा बंदोबस्त करायला त्यांनी १९१० साली गंगेच्या खोऱ्यातली मुंगसं नेऊन ओकिनावात सोडली. मुंगूस-सापाची लढाई आपल्याकडे गारुडी दाखवायचे ना, त्याच भरवशावर. मुंगूस दिवसा हिंडतं, हाबू रात्री बाहेर पडतो. दोघांची गाठ पडायची कशी? मुंगसांनी उडता न येणारे पक्षी खायला सुरुवात केली. तरीही १९७९ साली अमामी बेटावर पुन्हा तीसेक मुंगसं सोडण्यात आली. ती संपवायला सरकारला पिंजरे, प्रशिक्षित कुत्री आणि कित्येक वर्षं लागली. अमामी मुंगूसमुक्त झाल्याची घोषणा झाली सप्टेंबर २०२४ मध्ये. ज्या माणसाने निसर्गाची सीमारेषा ओळखली त्यानेच ती मोडून प्राणी हलवले. मला याचं हसू येतं आणि रागही.

पक्षीवाल्यांसाठी: तोकारात आकाहिगे नावाचा नारिंगी-काळा देखणा पक्षी वीण करतो. त्याचं शास्त्रीय नाव 'कोमादोरी' आणि कोमादोरी नावाच्या दुसऱ्या पक्ष्याचं शास्त्रीय नाव 'आकाहिगे'. एकोणिसाव्या शतकात युरोपात नाव देताना चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली ती आजतागायत तशीच. नियम असा की एकदा दिलेलं नाव बदलायचं नाही.

पडाव:

नागदौना, दंडवत! फिरलो खरा बिनधास्त, पण ते अज्ञानात. आकाहिगे दिसला नाही, शीळ ऐकली असावी. गाजुमारू मात्र पाहिला, वडाचाच भाऊ, पारंब्यांसकट. त्याच्याखाली बसल्यावर दोन मिनिटं मी कुठल्या देशात आहे हे विसरायला झालं.

भटकंती_अनंत:

वडावरून अवांतर. शेजारच्या सुवानोसेजिमावर १९६७ साली जपानी कवी नानाओ साकाकी आणि त्याच्या मित्रांनी शेती करत राहायला एक वस्ती केली होती. नाव काय ठेवलं? 'बनयान आश्रम'! अमेरिकन कवी गॅरी स्नायडरचं लग्न तिथल्याच ज्वालामुखीच्या तोंडाशी लागलं. बनयान हा शब्द वडाखाली बसणाऱ्या आपल्या वाण्यांवरून इंग्रजीत गेला, म्हणजे वाणी आणि आश्रम दोघेही फिरत फिरत तिथे पोचले.

त्या बेटाचा इतिहासही जबर आहे. १८१३च्या उद्रेकाने ते ओस पडलं आणि सत्तर वर्षांनी, १८८३ साली अमामीहून माणसं येऊन पुन्हा वसलं.

मृण्मयी_पुणे:

लेख आवडला, पण एक खटकलं. काठीवर चिखल, तो बायकांना फासायचा आणि मूल होईल म्हणायचं. काठी कशाचं प्रतीक आहे हे सांगायला नको. परंपरा म्हटली की सगळं माफ का? तिथल्या मुलींना विचारलंय कुणी?

पडाव:

प्रश्न रास्त आहे. काठी लिंगाचंच प्रतीक आहे, काठीच्या तिथल्या नावातच ते उघड आहे, मीच लिहिताना सभ्यपणा दाखवला. मी पाहिलं ते असं: चिखल सगळ्यांनाच लागत होता, म्हातारे, पोरं, माझ्यासारखे पाहुणे. गावातल्या बायका हसत पळत होत्या आणि काही मुद्दाम हळू पळत होत्या. पण एका संध्याकाळच्या पाहुण्याला हसण्यामागचं किती कळणार? मुलींना मी विचारलं नाही. विचारण्याइतकी ओळख नव्हती आणि भाषाही माझी ऑफिसची.

मला खटकलं ते वेगळंच. आम्ही कॅमेरेवाले. बोझेच्या आणि पोरांच्या मध्ये लेन्सची भिंत. एक छोटी मुलगी घाबरून धावली ती सरळ कुणाच्या तरी ट्रायपॉडवर आदळली.

काकडे_काका:

मियाको बेटावर पांतू म्हणून असाच प्रकार आहे, तो तर नखशिखांत चिखलात बुडून येतो. तिथे पर्यटकांनी कपडे खराब झाल्याच्या तक्रारी केल्या होत्या. चिखलाच्या देवाला भेटायला जायचं आणि लाँड्रीचं बिल मागायचं! बोझेला युनेस्कोचा दर्जा २०१८ साली मिळाला, त्यानंतर गर्दी आणखी वाढली असेल.

पडाव:

काका, थोडी दुरुस्ती. एकट्या बोझेला नाही. मुखवटे घालून घरी येणाऱ्या देवांच्या दहा प्रथा एकत्र नोंदवल्या, त्यात बोझे, पांतू आणि उत्तरेचा प्रसिद्ध नामाहागे आहेत. देशपातळीवरचा सांस्कृतिक वारशाचा दर्जा बोझेला आदल्या वर्षी मिळाला होता.

पण शिक्का मिळाला म्हणून बांबू तोडायला माणसं वाढत नाहीत. तीन बोझे हवेत, ढोल हवा, फेर धरायला म्हातारे हवेत आणि घाबरायला पोरं हवीत. शाळेत पोरं कमी पडतात म्हणून गाव बाहेरच्या मुलांना एकेक वर्ष बेटावर राहून शिकायला बोलावतं. मी पाहिली त्यातली काही पोरं बहुधा तशीच आलेली. घाबरली मात्र अस्सल. याच माळेतलं गाजाजिमा १९७० साली पूर्ण रिकामं झालं, लोक सगळं सोडून बोटीत बसले. अकुसेकीच्या लोकांना ते चांगलं माहीत आहे. आजी बोलता बोलता म्हणाल्या, "बोट थांबली की देवही थांबतात."

सुरतकर_देशमुख:

अकुसेकिजिमा नाव वाचून उडालो! २२ जुलै २००९चं खग्रास ग्रहण. आम्ही गच्चीवर, पहाटे सहाला, अख्खी सोसायटी. सावली पहिल्यांदा जमिनीला टेकली ती आमच्या खंभातच्या आखाताजवळ. आभाळ गच्च भरलेलं, सूर्य काही दिसला नाही, पण सहा वीसच्या सुमारास कुणीतरी दिवा घालवावा तसा अंधार झाला. कावळे गप्प. आईने तोवर तुळशीपत्रं घालून पाणी झाकून ठेवलेलं.

तेव्हा पेपरात वाचलं होतं, हीच सावली तासाभरात जपानच्या अकुसेकिजिमावर पोचणार आणि वस्तीच्या जागांत सर्वाधिक वेळ, सहा मिनिटं पंचवीस सेकंद, तिथेच टिकणार. नाव लक्षात राहिलं. त्यांना तरी दिसलं का?

पडाव:

नाही हो! तुमच्याहून वाईट. मुसळधार पाऊस आणि वारा. तंबूत उतरलेल्या पाहुण्यांना शाळेच्या व्यायामशाळेत हलवावं लागलं. अंधार मात्र पुरेपूर पडला. बेटावरचे लोक अजून सांगतात. एका काकांचं म्हणणं, "शतकातलं सगळ्यात लांब ग्रहण, आणि आम्ही सहा मिनिटं छत्री धरून उभे." म्हणजे त्या दिवशी तुम्ही आणि ते एकाच सावलीत, एकाच ढगाखाली म्हणायला हरकत नाही.

नीलपाखरू:

इथे एक गोष्ट नोंदवते, कारण ओबोनचे दिवस आणि ही तारीख जवळजवळ येतात. २२ ऑगस्ट १९४४च्या रात्री अकुसेकिजिमाच्या वायव्येला त्सुशिमा मारू हे जहाज अमेरिकन पाणबुडीने बुडवलं. ओकिनावातली शाळकरी मुलं युद्धापासून दूर, मुख्य भूमीवर नेली जात होती. १,४००हून अधिक माणसं गेली, त्यातली निम्म्याहून अधिक शाळकरी मुलं. वाचलेल्यांना तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. घरच्यांना पत्राची वाट बघत ठेवलं. बेटावर स्मारक आहे. पडाव, तुम्ही पाहिलंत का?

पडाव:

पाहिलं. लिहिणार नव्हतो, लेखाचा सूर बदलेल म्हणून. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

चौकस:

गेल्या वर्षी जपानात भूकंपांची रांग लागली होती ती हीच बेटं ना? जुलैत मोठा भूकंप येणार असं भाकीत एका कॉमिक्समध्ये होतं म्हणे, आणि हे तेव्हाच सुरू झालं. काहीतरी असेल त्यात.

पडाव:

तीच बेटं. २१ जून २०२५पासून धक्के सुरू झाले, महिन्याभरात दोन हजारांच्या वर गेले. ३ जुलैला अकुसेकीवर जपानी मोजपट्टीवरचा 'सहा-खालचा' धक्का बसला. ही मोजपट्टी भूकंपाची ताकद मोजत नाही, तुमच्या पायाखालची जमीन किती हलली ते मोजते. सहा-खालचा म्हणजे उभं राहणं कठीण. दुसऱ्या दिवशी तेरा जण बोटीने कागोशिमाला गेले, मग आणखी काही. काही मागे राहिले, कारण इथे घरोघर गाई आहेत, वासरं विकणं हा मोठा धंदा, आणि गाईंना बोटीत बसवून नेता येत नाही.

भाकिताचं म्हणाल तर तोकारात मधूनमधून भूकंपांची अशी झुंड येतेच. तिच्यावरून 'तोकाराचा नियम' नावाची इंटरनेटवरची अफवा आधीपासून आहे: इथे हललं की दुसरीकडे मोठा येणार. हवामान खात्याने ती खोडून काढली आहे. ज्यांच्या घरात रात्रभर कपाटं वाजत होती त्यांच्या जिवावर बाकीच्यांनी भाकितं लढवावीत याचा मला संताप आला. चौकस, तुमच्यावर नाही.

मी तेव्हा मिन्शुकूत फोन लावला होता. आजींनी उचलला. म्हणाल्या, "झोप नाही, बाकी ठीक." आणि मग पंधरा मिनिटं माझीच चौकशी, लग्न झालं का वगैरे.

चौकस:

मान्य. आजी भारी आहेत.

अस्मि_ठाणे:

मी खरंच जायचं म्हणतेय. नवरा तयार आहे, मुलगा सहा वर्षांचा, तो तयार नाही कारण त्याला फोटो दाखवला. तारीख कशी काढायची? आणि शर्टाचा डाग गेला का?

पडाव:

तारीख सोपी. कालनिर्णय उघडा. बोझे बहुतेक वर्षी श्रावणातल्या पौर्णिमेला किंवा तिच्या दुसऱ्या दिवशी येतो. त्यांचा आणि आपला अधिक महिना वेगळा पडला की एखाद्या वर्षी भाद्रपद पौर्णिमेवर जातो, म्हणजे अगदी पितृपक्षाच्या तोंडावर. २०२५ साली तसंच झालं. २०२६ साली माझ्या हिशेबाने २८ ऑगस्ट. गावाकडून खात्री करून घ्या. रोकड सोबत ठेवा, बोट लागण्याच्या गोळ्या चढायच्या आधी घ्या, चढल्यावर नाही. कॅमेरा एक पुरे. मुलाला न्याच, तिथे त्याच्या वयाच्या माणसांची टंचाई आहे.

डाग फिकट झालाय, विटकरी. दोनदा धुतला, मग नाद सोडला.

आणि ऑफिसात परतीची तारीख सांगू नका.

अस्मि_ठाणे:

नवऱ्याच्या ऑफिसात हे कसं सांगायचं तेवढं सुचवा फक्त. :)